नजरवाल्याची निळी माणसं

नवरा काय करतो असं कुणी विचारलं, तर वहिनी "फोटो काढतात" एवढंच सांगायची. कलाकार असल्याचं सांगायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं आणि त्यात तो कधी कसूर करत नसे.

तिचं खरं नाव वेगळं होतं. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, मग शेजारचा किल्ल्या बनवणारा, मग समोरच्या लॉन्ड्रीतल्या बायका. नवऱ्यालाही गल्लीने असंच नाव पाडलं होतं, नजरवाले. ते मात्र त्याने हौसेने ओढवून घेतलेलं. स्टुडिओत कुणीही येवो, पासपोर्टच्या फोटोला का असेना, खुर्चीवर बसवून तो आधी एक वाक्य ऐकवणारच. "कॅमेरा काय, कुणीही विकत घेतो. फोटोला नजर लागते."

"लागलेलीच आहे," भिंतीपलीकडून किल्लीवाला म्हणायचा. "फोटो बघितले की कळतंच."

एके काळी त्याची नजर खरंच चांगली होती, हे वहिनीने कधी नाकारलं नाही. रिळांच्या जमान्यात तो खिडकीतल्या उजेडाकडे एकदा बघायचा, कॅमेऱ्याचे आकडे फिरवायचा आणि रीळ धुऊन आलं की सगळेच्या सगळे फोटो जमलेले असायचे. पण त्या वेळी मिळालेलं कौतुक तो पुढे आयुष्यभर पुरवून पुरवून खात बसला. डिजिटल कॅमेरा आला तेव्हा त्याने माहितीचं पुस्तक वेष्टणातून बाहेरसुद्धा काढलं नाही. पुस्तकं वाचायची ती ज्यांना दिसत नाही त्यांनी, असं त्याचं म्हणणं.

धाकटा तेव्हा त्याच्याच हाताखाली होता. त्याने एक दिवस एक करडा पुठ्ठा आणि रंगीत चौकोनांची एक पट्टी आणली.

"दादा, कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणायचं ते सांगावं लागतं. आपण बल्बखाली असलो काय, खिडकीपाशी असलो काय, डोळा सावरून घेतो. याला नाही जमत. हा पुठ्ठा उजेडात धरायचा, कॅमेऱ्याला दाखवायचा आणि म्हणायचं, बाबा रे, हे करडं आहे, यात निळा नाही की पिवळा नाही. मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात."

नजरवाल्याने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "लोक रंगीत फोटो काढायला येतात आणि तू मला राख दाखवतोस?"

कॉम्प्युटरच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. पुठ्ठा त्याखाली गेला आणि टेबल डुगडुगायचं थांबलं. रंगांची पट्टी कपाटावर पडून राहिली.

भांडण झालं ते पडद्याच्या कापडावरून. गावातला पडद्यांचा मोठा व्यापारी दर मोसमाला कॅटलॉग इथेच करून घ्यायचा. त्या वेळी त्याच्या मालात एक डाळिंबी कापड होतं. नजरवाल्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर बसून आपल्या नजरेने रंग 'बसवला' आणि व्यापाऱ्याला दाखवायला बोलावलं. स्क्रीनवर होतं जांभळं. व्यापारी डोकं खाजवत उभा राहिला. धाकट्याने कापडाचा तुकडा उचलला आणि स्क्रीनशेजारी धरला.

"काय दाखवतोस?" नजरवाले म्हणाला. "तेच तर आहे. डाळिंबी."

"दादा, जांभळं दिसतंय."

"तुला दिसतंय. लहानपणीही हिरवी पेन्सिल आण म्हटलं की तपकिरी आणायचास. रंगांधळा आहेस तू. रंगांधळ्याला फोटोच्या धंद्यात घेतलं हीच माझी चूक."

व्यापारी तिथेच होता, कात्रीने पासपोर्टचे फोटो कापत वहिनी होती, दारात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. धाकट्याने तुकडा घडी घालून टेबलावर ठेवला आणि निघून गेला. महिन्याभराने बस स्टँडच्या मागे त्याचा स्वतःचा स्टुडिओ उघडल्याचं कानावर आलं. वहिनीला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. रागाच्या भरात गेला खरा, पण जाताना कॅमेऱ्याचा त्यातल्या त्यात चांगला स्टँड खांद्यावर टाकून नेला. राग असा हिशेबात असतो हे तिला तेव्हा नव्याने कळलं.

धाकटा गेल्यावर टोकायला कुणी उरलं नाही आणि फोटो निळे होत गेले. एका रात्रीत नाही. भिंतीला ओल चढावी तसे. चेहरे आधी नुसते निस्तेज झाले, मग ओठ जांभळे, मग पांढरे शर्ट आकाशी. शिवाय प्रत्येक फोटो गरजेपेक्षा उजळ. गोऱ्या माणसाचं नाक गालात विरून जायचं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पासपोर्टचा फोटो परत घेऊन आले. कचेरीतल्या बाईने त्यांना सांगितलं होतं, फोटो हयातीतला लागतो.

"सरकारी नजर!" नजरवाले म्हणाला आणि त्याच माणसाचा तसाच दुसरा फोटो काढून दिला.

वहिनीला त्याहून चीड यायची ती वाहवा करणाऱ्यांची. एक प्राध्यापक सहकुटुंब येऊन फोटो काढून गेले. हातात आला तेव्हा चौघंही पुरातून बाहेर काढल्यासारखी दिसत होती. प्राध्यापकांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "यात एक उदासी आहे." बायको म्हणाली, "हो ना." मुलांना कुणी विचारलं नाही. वहिनीने पाकिटात फोटो घालून दिला आणि मनात म्हणाली, उदासी कसली, थंडी वाजतेय तुम्हाला.

तिची पक्की समजूत होती, की नवरा हे सगळं हट्टाने करतोय. हट्ट त्याच्या अंगात मुरलेलाच होता. एकदा तो एक काळा आणि एक गडद निळा मोजा घालून बाहेर निघाला.

"अहो, मोजे बघा."

"काय झालं मोज्यांना? काळे आहेत."

"एक निळा आहे."

"तूही त्या धाकट्याच्या वळणावर जायला लागलीस." आणि तसाच गेला. माणूस मोज्याच्या बाबतीतही माघार घेत नाही म्हटल्यावर वहिनीने हात जोडले.

मग पडदेवाला आला तो बसलासुद्धा नाही. "वहिनी, गिऱ्हाइकाने कॅटलॉगात मोरपंखी बघून अख्ख्या हॉटेलचे पडदे शिवून घेतले. लावले तर हिरवे. सगळं गाठोडं माझ्या दारात येऊन पडलंय. हा मोसम शेवटचा. जमलं तर ठीक."

"कापडात दोष असेल," आतून नजरवाले ओरडला.

नाचता येईना, अंगण वाकडं. वहिनीने चपला घातल्या आणि बस स्टँडची वाट धरली.

धाकटा तिला बघून उठला, पण चेहरा घट्टच ठेवला. "दादाने पाठवलं?"

"तुमचा दादा स्वतः कुठे जात नाही, मला काय पाठवणार? भावजी, मला कॅमेरा लावायला शिकवा. तुमच्या पद्धतीने."

"आता आठवलं? मी तेव्हा सांगत होतो…" आणि तो सुरू झाला. कॅमेरा म्हणजे काय, उजेड म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय. वहिनी ऐकत राहिली. व्याख्यान द्यायचा रोग त्या घराण्यातच होता. एकाला नजरेचा झटका आला होता, दुसऱ्याला पुठ्ठ्याचा. पण धाकटा बोलता बोलता हाताने करून दाखवत होता, एवढा फरक. त्याने तिला पांढरा रुमाल आणि काळी टोपी घेऊन बसवलं. नुसता रुमाल दाखवला तर कॅमेऱ्याने तो करडा केला. नुसती टोपी दाखवली तर तीही करडी.

"बघितलंत? उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग करडंच वाटतं. पांढरं दाखवलं की तो अंधार करतो, काळं दाखवलं की उजेड वाढवतो. म्हणून माप पुठ्ठ्यावर घ्यायचं आणि आकडे तिथेच बांधून टाकायचे. मग रुमाल आणा नाहीतर टोपी आणा."

निघताना त्याने एक उंदराएवढं यंत्र हातात दिलं. ते स्क्रीनवर लटकवायचं, म्हणजे स्क्रीन खरं बोलतेय की नाही ते कळतं. "परत आणून द्या," तो म्हणाला. "आणि त्याला सांगू नका मी दिलं म्हणून." त्याने नेलेल्या स्टँडचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या आठवड्यात नजरवाले जुना कॅमेरा घेऊन एका शाळेचे वर्गावर्गांचे फोटो काढायला गेला. दिवसभराचं काम. वहिनीने दुकानाला आतून कडी घातली. टेबल उचलून पुठ्ठा ओढून काढला आणि पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पायाचा खड्डा पडला होता. बाकी तो तसाच होता. मग तिने खिडकी झाकली आणि छतावरचा पिवळा बल्ब काढून ठेवला, कारण दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की कॅमेऱ्याचा गोंधळ होतो, असं धाकट्याने बजावलं होतं. राहिले फक्त स्टुडिओचे दिवे. कापडाच्या जागी पुठ्ठा उभा करून तिने पांढऱ्याचं सेटिंग बांधलं. मग उजेडाचं माप. पहिल्या फोटोत कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा उंचवटा उजव्या कडेला जाऊन टेकला, म्हणजे उजेड जास्त, पांढरं जळणार. तिने उजेड कमी करत करत तो मधोमध आणला. पांढरी जाळी आणि काळी मखमल शेजारी शेजारी टांगून पाहिली. जाळीची वीण दिसत होती, मखमलीच्या चुण्याही दिसत होत्या. शेवटी रंगीत चौकोनांची पट्टी लावून एक फोटो घेतला, म्हणजे कॉम्प्युटरला प्रत्येक चौकोनाची चूक मोजून दुरुस्ती करता येते.

मग पडदेवाल्याच्या या मोसमाच्या मालातलं एकेक कापड; डाळिंबी यातही होतं. तिने फोटो स्क्रीनवर उघडले आणि डाळिंबीचा तुकडा शेजारी धरला. डाळिंबीच. मोरपंखी मोरपंखी, मोतिया मोतिया. तिला आनंद झाला, आणि लगेच राग आला. एवढंच करायचं होतं. एका दुपारचं काम, त्यासाठी सख्खा भाऊ घालवला.

संध्याकाळी नवरा आला, स्क्रीनसमोर बसला आणि म्हणाला, "हे काय? सगळं पिवळं कुणी केलं?"

"मी फोटो काढले."

"वाटलंच." त्याने बाही सरसावली आणि रंग 'बसवायला' घेतले. मोतिया निळसर झाला, डाळिंबी जांभळं. वहिनी मागे उभी राहून दातओठ खात होती. फोटो पुढे सरकवता सरकवता रंगांच्या पट्टीचा फोटो आला. खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नुसते करडे चौकोन. त्यानेही तोच खेळ केला. निळा वाढवला, उजेड वाढवला, मान तिरकी करून पाहिलं.

"हं. आता झाले करडे."

वहिनीने टेबलावरची खरी पट्टी उचलून स्क्रीनला चिकटवली. स्क्रीनवरचे चौकोन आकाशी होते, हातातले करडे.

"अहो, नीट बघा. हे आणि हे सारखं आहे?"

तो वाकला. खूप वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, तो मन लावून बघत होता. "आहेच की," तो म्हणाला. "तुला दिसत नाही?"

वहिनीने पट्टी खाली ठेवली. इतकी वर्षं ती ज्याला अडेलतट्टू समजत होती तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच दिसत होतं. मोजेसुद्धा.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला तिने कारण सांगितलं स्वतःच्या चष्म्याचं. तिथे गेल्यावर त्यालाच खुर्चीत बसवलं. डॉक्टर बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्याने आधी त्यांच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर उजेड कसा चुकीचा पडलाय ते सांगितलं.

"धूसर दिसतं का?" बाईंनी विचारलं.

"छे. हल्ली दिवेच मंद बनवतात."

बाईंनी यंत्रातून दोन्ही डोळे तपासले. "डोळ्याच्या आतली काच पिवळी पडलीय. पिवळी कसली, तपकिरीच. निळा रंग आत पोचतच नाही, म्हणून तुम्हाला तो कमी वाटतो. उजेडही कमी पोचतो. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. बराच जुना."

"मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो."

बाईंनी त्याच्या कागदावर लिहिलेलं वय मोठ्याने वाचलं.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. याने पिवळ्या डोळ्यांनी जग निळं करून ठेवलं होतं, आणि वर दुसऱ्याला रंगांधळा म्हणून हाकललं होतं. वहिनीला हे त्याच क्षणी तोंडावर म्हणावंसं वाटलं. पण तो खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसला होता, तेव्हा तिने ऑपरेशन कधी करायचं ते विचारलं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसला आणि एकदा हा, एकदा तो डोळा मिटायला लागला.

"ही भिंत कसली आहे गं?"

"पांढरी."

"उजव्याने पांढरी. डाव्याने चहा सांडल्यासारखी." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझा स्वेटर निळा आहे?"

"तुम्हीच आणलेला."

"मी काळा आणला होता."

घरी येताना स्टुडिओच्या बाहेर तो थांबला. रस्त्याकडे तोंड करून काचेच्या कपाटात त्याने आपले निवडक फोटो लावले होते. साखरपुडे, वाढदिवस, एक म्हातारं जोडपं, पालथं पडलेलं एक बाळ. सगळी माणसं निळी. गारठून गेल्यासारखी, आणि वर दात काढून हसणारी. किल्लीवाला टोमणा मारायला बाहेर आला होता, पण नजरवाल्याचा चेहरा बघून त्याने कानस उचलली आणि परत कामाला लागला.

"एवढी माणसं आली गेली," नजरवाले म्हणाला. "एकालाही कळलं नाही?"

"एकाला कळलं होतं," वहिनी म्हणाली.

म्हणून काही तो लगेच शहाणा झाला नाही. पुढचे काही दिवस कॅमेऱ्याच्या कंपनीला शिव्या, मग स्क्रीनच्या कंपनीला. कंपनीवाल्यांनी सांगायला नको? चोराच्या उलट्या बोंबा. वहिनीने सरळ सांगितलं, "मी भावजींचं यंत्र परत द्यायला चाललेय. यायचं तर या." यंत्र कुणाचं ते त्याला तिथेच कळलं. तो चपला शोधायला लागला.

धाकट्याच्या स्टुडिओत शिरल्या शिरल्या त्याने भिंतीवरच्या एका फोटोला बोट लावलं. "इथे पांढरा जळलाय."

"दादा, भांडायला आला असशील तर मला काम आहे."

नजरवाले उभाच राहिला. मग विचारलं, "ते कापड डाळिंबीच होतं?"

"हो. आणि फोटो जांभळा होता."

"मला सारखंच दिसत होतं रे."

"ते मला काय माहीत? तू चार माणसांत बोललास."

"कोण कोण होतं तेव्हा?"

"पडदेवाला होता. तो अजून मला बघितला की पेन्सिलीचा रंग विचारतो."

नजरवाल्याने खिशातून फोन काढला आणि तिथूनच पडदेवाल्याला लावला. आवाज असा, की शिव्या घालतोय असं वाटावं. "ऐका. त्या दिवशी धाकटा बरोबर होता. डोळे माझे गेले होते. त्याचे चांगले आहेत. पेन्सिलीचं परत काढू नका. बास." पलीकडचा माणूस काही विचारत होता, तेवढ्यात फोन बंद. माफी मागायची ही तऱ्हा. पण वहिनीला त्याच्याकडून एवढीही अपेक्षा नव्हती. धाकट्याने स्टूल पुढे सरकवलं. परत यायला मात्र त्याने स्वच्छ नकार दिला. "इथे माझं मी ठरवतो," तो म्हणाला. वहिनीला ते पटलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लांबत गेलं. कधी सर्दी, कधी डॉक्टर बाई गावाला. वहिनीला आधी वाटलं, घाबरलाय. एका सकाळी ती आतल्या खोलीत गेली, तर तो जमिनीवर बसला होता. काचेच्या कपाटातून उतरवलेले सगळे फोटो पुढे मांडलेले, आणि उजव्या डोळ्यावर तळहात. जुन्या डोळ्याने तो आपली माणसं बघत होता.

"याने बघितले की छान आहेत गं," तो म्हणाला. "सगळ्यांचे रंग बरोबर आहेत."

"त्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं की कुणालाच तसे दिसणार नाहीत, असंच ना?"

त्याने तळहात काढला नाही. तिच्या जिभेवर चांगलं तिखट वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं आणि त्याच्या शेजारी टेकली. तिने डोळे बारीक करून बघितलं, तिरकं बघितलं. तिला निळीच दिसली सगळी. पालथं पडलेलं बाळ मात्र झकास टिपलं होतं. ते टिपायला काय लागतं हे तिला आता थोडंफार कळत होतं, म्हणून तिने तसं सांगितलं.

"मग!" तो लगेच फुलला. "नजर लागते त्याला."

"ऑपरेशनची तारीख घेऊन या आज," ती म्हणाली.

त्याने घेतली. दुसरा डोळाही झाला. आता स्टुडिओतले दिवे आणि मापं वहिनी लावते आणि पडद्यांचा कॅटलॉग तीच काढते. बाळं आणि हट्टी म्हातारे त्याच्याकडे, कारण त्यांना हसवणं तिला जमत नाही. पासपोर्टच्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून तो हल्ली ऐकवतो, की नजर वगैरे सगळं झूट आहे, डोळ्यावर विश्वास ठेवतो तो मूर्ख, खरा गुरू पुठ्ठा. हे तो अशा थाटात सांगतो, की पुठ्ठ्याचा शोध त्यानेच लावलाय. परवा एका नवख्या फोटोग्राफरला त्याने माप न घेता फोटो काढल्याबद्दल भर गल्लीत आंधळा म्हटलं. वहिनीने कात्री खाली ठेवली, बाहेर गेली आणि त्या पोराला आत बोलावून पाणी दिलं.